जानव्याच्या वाटेचा वळ

"मावशी! बदलापूर से फोन! जल्दी आओ, लडकी रो रही है!"

चेलारामची हाक जिन्यातून वर आली तेव्हा कुमुदिनी दातारांच्या हातात खराटा होता आणि तोंडात शिव्या. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातली ती चिंचोळी गल्ली. खाली चेलारामचं लग्नाच्या गाड्या भाड्यानं देण्याचं दुकान, वर बाईंचं बिऱ्हाड. चेलारामनं दुबईहून आणवलेली लांबलचक पांढरी गाडी गल्लीत शिरली, की तिचा ड्रायव्हर रामभाऊ गाडी चालवता चालवताच खिडकीतून पानाची पिंक टाकायचा. ती नेमकी पडायची गल्लीच्या डाव्या अंगाला असलेल्या बाईंच्या पायरीवर. रोज धुवा, रोज लाल. शी! या माणसांना आया नसतात का, असं बाईंना दररोज वाटायचं.

त्यांनी खराटा टाकला आणि खाली जाऊन फोन घेतला. पलीकडे उमा, त्यांची भाची.

"आत्या, तू आत्ताच्या आत्ता ये. हे सही करायला बसलेत."

"कसली सही?"

"गुन्हा कबूल केल्याची. अमेरिकेतल्या अपघाताची. तू आलीस तरच थांबतील, माझं ऐकत नाहीत."

बाईंनी पुढचं विचारलं नाही. पायात चपला सरकवल्या आणि रिक्षा केली.

कुमुदिनीबाई विमा कंपनीच्या मोटार विभागातून निवृत्त झाल्या होत्या. सारा जन्म गेला खोटं ऐकण्यात. उभ्या ट्रकला म्हशीनं धडक दिली म्हणून पैसे मागणारे पाहिले, मेलेल्या भावाला ड्रायव्हर दाखवणारे पाहिले. लग्न केलं नाही याचं कारण कुणी विचारलं तर म्हणायच्या, "ऑफिसात दिवसभर पुरुषांच्या थापा ऐकते, घरी कशाला आणखी एक?" माणसाच्या खोटेपणाचा त्यांना राग येत नसे, किळस येत असे. तोंडात झुरळ गेल्यासारखी.

बदलापुरात कात्रपच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये उमेचा नवरा शशिकांत खिडकीशी बसला होता. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या रंगांच्या कारखान्यात इंजिनियर. शांत, पापभीरू, मुंगी चिरडली तरी दिवसभर चुटपुटणारा पोरगा. उजव्या कानशिलावर टाक्यांची खूण, केस भादरलेले. समोर टाइप केलेला कागद आणि उघडं पेन. बाईंनी आधी पेनाला टोपण लावलं.

"सांग. पहिल्यापासून."

"पहिल्यापासूनचं आठवतं, आत्या. शेवटचंच आठवत नाही."

जानेवारीत कंपनीनं एक मशीन बघायला दोघांना अमेरिकेला पाठवलं. एक शशिकांत, दुसरे खरेदी विभागाचे मुख्य गुरुदत्त पाटणकर. विमानतळावर त्यांनी गाडी भाड्यानं घेतली. हॉटेलपासून कारखाना लांब, रस्त्यावर बर्फ. शेवटच्या संध्याकाळी त्या कारखान्याच्या लोकांनी जेवण दिलं. परतताना गाडी घसरली आणि खांबावर आदळली. शशिकांतला शुद्ध आली ती इस्पितळात. ती सगळी संध्याकाळ त्याच्या डोक्यातून पुसून गेली होती.

"मग कोण म्हणतं तू चालवत होतास?"

"पाटणकरसाहेब. त्यांनी जेवताना थोडी घेतली होती, म्हणून मीच म्हणालो म्हणे, की मी चालवतो. त्यांनी बजावलं, तुझं नाव कागदावर नाही. मी ऐकलं नाही."

"आणि गाडीचं संरक्षण? निघताना मी तुला काय सांगितलं होतं?"

"घेतलं होतं ना! काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, गाडी ठोकली गेली तर नुकसान कुणाच्या डोक्यावर, आमच्या की तुमच्या? आमच्या हवं असेल तर रोजचे डॉलर वेगळे. साहेब नकोच म्हणत होते. म्हणाले, 'आपण काय ठोकायला आलोय का इथं?' मी म्हटलं, आत्यानं शपथ घातलीय. तेव्हा तोंड वाकडं करून घेतलं."

"अटी?"

"तिनं वाचून दाखवल्या. कागदावर नाव असेल त्यानंच चालवायचं. आणि तो प्यायलेला नसावा. यातलं काही मोडलं तर संरक्षण गेलं, सगळं आपल्या बोकांडी. मी म्हटलं, माझंही नाव घाला, परदेशी परवाना काढलाय मी. पण दुसऱ्या नावाचे पैसे निराळे होते. साहेब हसले. 'तू? तुला बदलापूरच्या बाजारातून स्कूटर नीट काढता येत नाही.'"

"म्हणजे आपलं नाव नाही, आपण हात लावला तर संरक्षण गेलं, हे तुला पक्कं ठाऊक होतं. आणि तरी तू बसलास?"

शशिकांतनं मान खाली घातली. "तेच कळत नाही, आत्या. पण साहेब खोटं कशाला बोलतील? त्यांनी मला बर्फातून ओढून काढलंय. ते नसते तर मी तिथंच संपलो असतो. आणि वळ आहे ना."

"कसला वळ?"

उमेनं त्याच्या शर्टाची बटणं सोडली. उजव्या खांद्यावरून निघून छातीवरून तिरका डाव्या कमरेपर्यंत, चार बोटं रुंद, काळपट पिवळा पट्टा. पंधरवडा उलटला तरी पुरता गेला नव्हता.

"तिकडं पट्टा बांधल्याशिवाय बसताच येत नाही," उमा म्हणाली. "कंपनीच्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, हा ड्रायव्हरच्या बाजूचाच. माझ्या गाडीत बसून बघा, पट्टा उजव्या खांद्यावरूनच येतो. खांबही उजव्या दारात घुसला होता. झालं. चौकशीचा निकाल तिथंच लागला."

डॉक्टर चुकीचं बोलत नव्हता. नव्या गाड्यांत पट्टे येऊ लागले होते आणि चालवणाऱ्याचा पट्टा कुठून कुठं जातो हे त्यांना चांगलं माहीत होतं. उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे. अगदी असाच.

"सही नाही केली तर?"

"बडतर्फ. केली तर राजीनामा घेतील. नुकसान दोन्हीकडून माझ्या फंडातूनच जाणार. पण मला नोकरीची चिंता नाही, आत्या," शशिकांतचा आवाज फाटला. "मी कबूल केलेली गोष्ट मोडली. साहेबांचा जीव धोक्यात घातला. आणि मला ते आठवतसुद्धा नाही. मला माझीच लाज वाटते."

एवढ्यात माई आत आल्या. शशिकांतची आई. हातात हळद घातलेलं दूध.

"कुमुदताई, तुम्हीच समजवा याला. नोकरी गेली तर गेली. लेकरू परत आलं ना माझं! देवमाणूस हो तो पाटणकर. दारात आला तेव्हा मी त्याचे पाय धुतले. माझ्याहून लहान, पण धुतले. ओवाळलं. उद्या त्यांच्याकडे सत्यनारायण आहे, सुखरूप परत आल्याचा. तुम्ही चला माझ्याबरोबर."

"येते," बाई म्हणाल्या. मग शशिकांतकडे वळल्या. "चौकशी कधी?"

"शनिवारी सकाळी."

"तोवर या कागदाला हात लावशील तर माझ्याशी गाठ आहे."

शुक्रवारी संध्याकाळी अंबरनाथ पश्चिमेला पाटणकरांच्या बंगल्यावर दारापर्यंत चपला. केळीचे खांब, शिऱ्याचा घमघमाट. गुरुदत्त पाटणकर पाटावर, कद नेसून, उघड्या अंगावर उपरणं घेऊन. गोरापान, पोट सुटलेला, बोलायला लाघवी. शेजारी त्यांची बायको कुंदा. समोर पहिल्या रांगेत कारखान्याचे जनरल मॅनेजर विष्णुपंत केतकर. चौकशीही तेच घेणार होते.

पूजा उरकली आणि माई तीर्थ घ्यायला पुढं झाल्या.

"बघा माई," पाटणकरांनी उपरणं बाजूला सारलं. "तुमच्या मुलाबरोबर मीही भोगलंय."

डाव्या खांद्यावरून निघून छातीवरून उजव्या कुशीपर्यंत काळपट पट्टा. त्यावर पांढरं जानवं. पट्टा बरोबर जानव्याखालून गेलेला, कुठंही इकडं तिकडं नाही.

"अहाहा!" कुणीतरी म्हणालं. "जानव्याच्या वाटेनंच!"

"जानव्यानंच राखलं हो," पाटणकर डोळे मिटून म्हणाले. "नाहीतर मी आज इथं बसलेला दिसलो नसतो."

दोन बायकांनी हात जोडले. कुमुदिनीबाईंनी प्रसादाचा द्रोण खाली ठेवला.

"पाटणकर, तुम्ही कुठल्या बाजूला बसला होतात?"

"मी? डावीकडे."

"खांब?"

"उजवीकडून आला. शशिकांतच्या बाजूनं. म्हणून त्याला जास्त लागलं."

"मग त्याला बाहेर कसं काढलंत?"

"उजवं दार चेपलेलं, उघडेना. माझ्या दारातून ओढला, डावीकडून. बर्फात निजवला. मग लांबवर एका घराचा दिवा दिसत होता तिकडे धावत गेलो, हाका मारल्या. पोलीस आले, त्यांनी सगळं लिहून घेतलं." मग आवाज उतरवून म्हणाले, "बाई, तुमचं दुःख समजतं मला. जावई तो तुमचा. पण केतकरसाहेबांना मी खोटं कसं सांगू?"

विष्णुपंत केतकरांनी मान डोलावली. साऱ्या खोलीनं डोलावली. आणि माईंनी, आपल्या मुलाचं आयुष्य ज्यानं शनिवारी बुडवायचं ठरवलं होतं त्याला, वाकून नमस्कार केला.

बाईंनी शिऱ्याचा द्रोण दूर सारला. का, ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. माणूस खरं बोलत होता. एकेक शब्द खरा वाटत होता. दोन्ही वळ एकमेकांना साक्ष देत होते, चालवणारा उजवीकडे, शेजारचा डावीकडे. आणि तरी तो उघडा, तेलकट देह बघून त्यांना उठून हात धुवावेसे वाटले. त्या उठल्या आणि खरंच मोरीत जाऊन धुतले.

रिक्षातून परतताना एकच प्रश्न डोकं पोखरत होता. शशिकांतसारखा भित्रा मुलगा, ज्यानं काउंटरवर स्वतः अटी विचारल्या, ज्यानं दुसरं नाव घालायचा हट्ट धरला, तो संरक्षण मोडून, बर्फात, परक्या गाडीवर बसतो? पण मग वळाचं काय करायचं? वळ काही थापा मारत नाही.

गल्लीच्या तोंडाशी त्या उतरल्या. मागून चेलारामची पांढरी गाडी आली. बाई आपल्या दारापाशी पोचतात न पोचतात तोच, फचाक! पायरीवर पिंक.

"मुडद्या!" बाई कडाडल्या. "दुसरीकडे थुंक की! पलीकडे गटार आहे, तिकडे थुंकायला काय धाड भरलीय तुला?"

रामभाऊ ओशाळून हसला. "तिकडं कसं थुंकू, बाय? तिकडं शेट बसतो. माझी खिडकी हीच."

बाईंनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

गाडी गल्लीत शिरली होती. त्यांची पायरी डावीकडे. रामभाऊ डावीकडे. आणि चाक त्याच्या हातात. ही गाडी त्या रोज बघत होत्या, रोज शिव्या देत होत्या.

"रामभाऊ, खाली उतर."

"माफ करा, बाय, आत्ता धुतो..."

"धू नंतर. आधी उतर. मला तुझ्या जागेवर बसायचंय."

चेलाराम दुकानातून धावत आला. बघतो तर मावशी नवरदेवाच्या गाडीत, चाकामागं, पट्टा ओढून बसलेल्या. मग उतरल्या, वळसा घालून दुसऱ्या बाजूला बसल्या, तिकडचा पट्टा ओढला. आणि एकदम हसल्या. हसणं काही बरं दिसत नव्हतं.

"चेलाराम, उद्या सकाळी ही गाडी पाहिजे मला."

"मावशी, कल तो शादी है! गाडी सुबह से सजेगी, गेंदा, गुलाब..."

"असू दे सजलेली. लग्नाच्या आधी परत देते. अंबरनाथला एकाची वरात काढायचीय."

शनिवारी सकाळी विष्णुपंत केतकरांच्या केबिनमध्ये सगळे जमले. शशिकांत, उमा, माई. समोर पाटणकर, कडक इस्त्रीचा शर्ट. कुमुदिनीबाईंना शशिकांतची बाजू मांडायला परवानगी मिळाली, ती केतकरांच्या सभ्यपणामुळं. केतकर वयस्क, कर्मठ, सरळ माणूस. ऐकीव गोष्टीवर चटकन विश्वास ठेवणारा, पण डोळ्यांनी बघितलेलं नाकारणारा नव्हे.

"दोनच गोष्टी विचारते," बाई म्हणाल्या. "पाटणकर, अपघाताच्या वेळी तुम्ही गाडीत डावीकडे होतात?"

"काल पन्नास माणसांसमोर सांगितलं ना."

"आज केतकरसाहेबांसमोर सांगा."

"डावीकडे होतो. माझ्या अंगावर वळ आहे."

"आणि शशिकांत उजवीकडे."

"त्याच्याही अंगावर आहे. डॉक्टरांनी लिहून दिलंय, ड्रायव्हरची बाजू."

"डॉक्टरांनी कुठल्या गाडीत बसून बघितलं?"

पाटणकर किंचित थबकले. "त्यांच्या. कशाला?"

"साहेब," बाई केतकरांना म्हणाल्या, "जरा खाली येता? फार वेळ नाही घेत. गाडीला दुपारी लग्नाला जायचंय."

कारखान्याच्या आवारात झेंडूच्या माळांनी मढलेली गाडी उभी होती. शिपाई, कामगार जमले होते. टपावर गुलाबांचा बदाम. रामभाऊ बाजूला हात बांधून उभा. पाटणकरांनी गाडी बघितली आणि त्यांची पावलं मंदावली.

"बसा साहेब. चालवायला बसा."

केतकर सवयीनं उजवीकडे गेले, दार उघडलं आणि गोंधळले. चाक नव्हतं.

"इकडे, साहेब. डावीकडे. दुबईची गाडी आहे. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवतात, म्हणून चाक डावीकडे. अमेरिकेतही तसंच."

केतकर डावीकडे जाऊन चाकामागं बसले.

"आता पट्टा लावा."

त्यांनी पट्टा ओढला. डाव्या खांद्यावरून छातीवरून उजव्या कमरेपाशी खटकन बसला. केतकरांचा हात छातीवर थांबला. शर्टावरूनच त्यांनी अंगठ्यानं काहीतरी चाचपलं. पट्ट्याच्या बरोबर खाली त्यांचं स्वतःचं जानवं होतं. पुढचं मागचं त्यांना एका क्षणात कळलं. चेहरा उतरला.

"शशी, तू दुसरीकडे बस," बाई म्हणाल्या.

शशिकांत उजवीकडे बसला. पट्टा ओढला तेव्हा विव्हळला. उजव्या खांद्यावरून, दुखऱ्या वळावरूनच तो गेला. त्याच्यासमोर चाक नव्हतं. नुसता कप्पा होता. तो त्या कप्प्याकडे बघत राहिला.

"साहेब, आपण काय केलं सांगते," बाई बोलू लागल्या. आवाज चढला नाही, पण आवारातल्या सगळ्यांना ऐकू जात होता. "आपण सगळ्यांनी अमेरिकेतला अपघात अंबरनाथच्या गाडीत बसून बघितला. उजवा खांदा म्हणजे ड्रायव्हर. डॉक्टर चुकले, तुम्ही चुकलात, मीही चुकले, आणि माझं तर आयुष्य गेलं यात. चूक केली नाही ती फक्त यानं. हा तिथं रोज गाडी चालवत होता. डॉक्टरांनी वळ बघून शशीला ड्रायव्हर ठरवलं, तेव्हा याला ठाऊक होतं की डॉक्टर उलटं बोलतोय. गप्प बसला. आणि गप्प बसून भागलं नाही, तर उघड्या अंगानं पाटावर बसून स्वतःचा वळ साऱ्या गावाला दाखवला. ड्रायव्हरचा वळ! त्यावर जानवं घालून! आणि आपण हात जोडले."

"बाई, तोंड सांभाळा," पाटणकर म्हणाले. "एका वळावरून..."

"वळ नको? बरं. शशीनं काउंटरवर दुसरं नाव घालायला सांगितलं, तुम्ही वाचवलंत ते पैसे. ज्याला संरक्षणाची एवढी काळजी तो ते मोडायला बसेल? आणि खोटं बोलायला तुम्हाला कारण होतं. तुमचं नाव कागदावर, पण तुम्ही प्यायलेले. संरक्षण तुम्हीच घालवलंत. पण प्यालेला माणूस चालवत होता म्हटलं, तर तुरुंग. बिननावाचा, न प्यायलेला पोरगा चालवत होता म्हटलं, तर त्याची नोकरी. तुम्ही निवड केलीत."

"पुरावा काय?"

"ती गाडी अजून त्यांच्याकडेच असेल, नाहीतर फोटो असतील. शशीचं डोकं फुटलं होतं. साहेब, आज फॅक्स पाठवा, एवढंच विचारा, रक्त कुठल्या पट्ट्यावर आहे. चाकाच्या, की दुसऱ्या?"

केतकर गाडीतून उतरले. फुलं झटकली नाहीत. "पाटणकर, फॅक्स पाठवू?"

पाटणकरांनी कपाळाचा घाम पुसला. आजूबाजूला सगळे खालच्या हुद्द्याचे लोक. "साहेब, आत चला, बोलू. दोनच पेग... रस्ता निसरडा... मी त्याला वाचवलंय, साहेब! तेवढं तरी धरा. मीच ओढून काढलं त्याला!"

"तेच विचारायचं राहिलं," बाई म्हणाल्या. "पोलीस आले तेव्हा शशी कुठं पडलेला होता?"

"दाराशी."

"कुठल्या दाराशी?"

पाटणकरांची नजर गाडीच्या डाव्या दाराकडे गेली.

"चाकाच्या दाराशी. म्हणून पोलिसांनी तुमचं खरं मानलं. डोकं फुटलेला माणूस. त्याला जागचा हलवू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं. गाडी पेटली नव्हती, बुडत नव्हती. तुम्ही त्याला सीटवरून, चाकावरून ओढत आपल्या दारात आणून टाकलंत, आणि मग गेलात मदत मागायला. आधी जागा बदललीत, मग धावलात. खरं की खोटं?"

"मला वाटलं तो... मला वाटलं आता काही..."

"मेला असं वाटलं?"

"हो," पाटणकर पुटपुटले.

कुमुदिनीबाई दोन पावलं मागं सरल्या. आयुष्यात खूप घाण बघितली होती, पण मेला समजून त्याच्या माथी दोष मारायला जिवंत माणूस ओढणारा त्यांनी बघितला नव्हता. त्यांनी गाडीच्या टपाला हात टेकला.

इतका वेळ माई एका बाजूला उभ्या होत्या. त्या पुढं आल्या. वाटलं, आता शिव्या देतील, मारतील. माईंनी पाटणकरांकडे न बघता त्यांच्या पायांकडे बघितलं.

"तुम्ही ओढत होता तेव्हा माझा शशी काही बोलला का हो?"

पाटणकरांनी मान हलवली. नाही म्हणाले की हो, ते कळलं नाही.

"बोलला असेल. तुम्हाला वाटलं मेला, आणि मग कळलं ना, मेला नाही म्हणून? कशावरून कळलं?"

रामभाऊसुद्धा पान चघळायचा थांबला होता.

"पाणी मागत होता," पाटणकर म्हणाले.

"आणि त्यानंतरही तुम्ही ओढतच राहिलात?"

माईंनी पदर खांद्यावर घेतला. केतकरांनी शशिकांतच्या कबुलीचा तो टाइप केलेला कागद मागवून घेतला, फाडला आणि पाटणकरांना म्हणाले, "गेटपास इथं ठेवा. फॅक्स मी स्वतः पाठवतो. पोलिसांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, मी माझं ठरवलंय." शशिकांत अजून गाडीत उजवीकडे बसून होता. उमेनं दार उघडलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मी नव्हतो, उमा. मी नव्हतो चालवत." आणि लहान मुलासारखा ढसढसा रडला.

रामभाऊनंच सगळ्यांना त्या फुलांच्या गाडीतून कात्रपला सोडलं. रस्त्यावरची पोरं नवरा-नवरी शोधत धावली. आत कुणी हसलं नाही.

घरी पोचल्यावर माई कुणाशी बोलल्या नाहीत. सरळ न्हाणीघरात गेल्या आणि डोक्यावरून पाणी घेतलं. मग उमेला म्हणाल्या, "तूही घे. शशीलाही घालते. कुमुदताई, तुम्हीसुद्धा." भरदुपारी घरातली सगळी ओल्या केसांनी बाहेर आलेली बघून शेजारच्या गोजरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अगं बाई! माई, कोण गेलं?"

"ओळखीतला होता एक," माई म्हणाल्या. "उमा, भात टाक. शशीला भूक लागली असेल."